खिळ्यावरची चावी

गोरेगाव, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय वंदे,

तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस हे कळायला दोन दिवस लागले. आधी वाटलं डोळखांबच्या बाजूला रेंज नसेल. मग माझ्या भावाच्या, संदेशच्या फोनवरून लावला, तर पहिल्याच रिंगला तू उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणजे रेंज चांगली आहे. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून हातानं काही लिहिलेलं नाही, सह्या सोडून. अक्षर लागलं नाही तर महेंद्रभावजींकडून वाचून घे.

रविवारी आपल्या गावात सगळी घरं टीव्हीसमोर होती असं कळलं. तूही पाहिलंस, नाहीतर ब्लॉक कशाला केलं असतंस. तुला आवडलं नसेल, पण एवढं तरी मान्य कर की मी बरी खेळले. आठ कलाकार आणि खेळाडू, दर आठवड्याला दोघं समोरासमोर, सामान्य ज्ञानाचे प्रश्न, आणि जो शेवटपर्यंत टिकेल त्याच्या संस्थेला एक रुग्णवाहिका, आतल्या सगळ्या सोयींसकट. मी तुझ्या 'सोबत' मंडळाचं नाव दिलं. भावजींना विचारून दिलं. बारा पाड्यांना मिळून एक गाडी नाही हे मला तूच तर कळवलं होतंस, म्हणजे तुझ्या मंडळाच्या छापील पत्रकानं कळवलं होतं, पण त्याच्यावर सही तुझी होती.

पहिलाच प्रश्न काय आला, तर मुंबईला पाणी देणारं भातसा धरण कोणत्या तालुक्यात आहे. मी पर्याय वाचायच्या आधी बझर दाबला. सूत्रसंचालक म्हणाला, फारच झटकन. मी म्हटलं, धरण आमचं आणि नळ तुमचे, एवढं तर पाठ असणारच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही हसली असशील, थोडी.

आता त्या आधीच्या दोन मिनिटांच्या फिल्मबद्दल. प्रत्येक खेळाडूची एक फिल्म दाखवतात, तो या संस्थेसाठी का खेळतो याची. माझ्या फिल्ममध्ये मी सांगितलं की लावणीच्या दिवसांत आईला घोणस चावली. गावात गाडी नव्हती. झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तिथून दुधाच्या टेम्पोत घातलं, आणि शेणव्याच्या अलीकडे ती गेली. हे सगळं खरं आहे. फक्त आई तुझी होती.

मी कुणालीला, म्हणजे कार्यक्रमाच्या लेखिकेला, आधी 'माझ्या मैत्रिणीची आई' असंच सांगितलं होतं. ती म्हणाली, ताई, मैत्रिणीची आई लांबची वाटते, प्रेक्षक तोवर उठून पाणी प्यायला जातो. नुसतं 'आई' म्हणा, कोणाची ते म्हणू नका, खोटंही होणार नाही. मी नुसतं 'आई' म्हटलं. खाली पट्टीवर त्यांनी 'नम्रता गोजर, आईच्या आठवणीत' असं लिहिलं, ते मला टीव्हीवरच दिसलं. टीव्हीचं असंच असतं, वंदे. मी अडतीस वर्षांची आहे आणि मालिकेत सव्वीस वर्षांच्या मुलीची सासू म्हणून रोज संध्याकाळी तिच्या दुधात काहीबाही कालवते. तिथं कोण कोणाची आई हे कोणी मनावर घेत नाही.

गाडी मिळाली तर तुझ्या आईला, सोनूबाईला, बरंच वाटेल. राग सोड.

तुझी,
नमी


गोरेगाव, १९ फेब्रुवारी

प्रिय वंदे,

उत्तर आलं नाही. माझ्या पत्राला मीसुद्धा दिलं नसतं.

माझी आई वाशिंदला संदेशकडे असते, हे तुला माहीत आहे. त्या सोमवारी सकाळी तिच्या सोसायटीतल्या दोन बायका भेटायला आल्या. दोघी नव्यानं राहायला आलेल्या. संदेश माझा भाऊ एवढंच त्यांना माहीत होतं, घरातल्या म्हातारीशी ओळख नव्हती. दार आईनंच उघडलं. एकीनं विचारलं, "आजी, तुम्ही नम्रताताईंच्या कोण?" आई म्हणाली, "मी तिची मेलेली आय. या, बसा, चा ठेवते."

खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं ती दोन दिवस जिन्यात भेटेल त्याला सांगत होती. मला वाटलं, चला, हिनं तरी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज वेगळा होता. म्हणाली, "माझं मरण सांगितलंस त्याचं मला काय नाय. पन ते माझं नव्हतं गो. ते सोनूचं होतं. बाईच्या नावावर दुसरं काय होतं? घर नाय, शेत नाय. एक मरण होतं, ते पन तू नेलंस?"

मी तिला समजवायला गेले की गाडी मिळणार आहे, पाड्यांना मिळणार आहे. ती म्हणाली, "गाडी?" मग तिनं मला एक प्रश्न विचारला. तो मी आज लिहीत नाही.

वंदे, माझं चुकलं. मी तुझी आई चोरली. तुला न विचारता, दोन मिनिटांसाठी, चांगल्या कामाचं नाव सांगून. फिल्मच्या वेळी मी रडले ते मात्र खरं रडले, पण आता वाटतं की ते रडणंही तुझ्याच घरातून उचललेलं होतं. मला सोनूबाई कशी आठवते सांगू? दुपारच्या सुट्टीत आपण दोघी तुमच्या ओट्यावर बसायचो आणि ती नाचणीची भाकरी आपल्या दोघींच्या हातावर मोडून ठेवायची. मला मोठा तुकडा द्यायची. तुला त्याचा राग यायचा. ती म्हणायची, पाहुणीला मोठा. आमच्याकडे तुला घरात बसवून खायला देत होते की ओट्यावरच, हे मी तेव्हा कधी पाहिलंच नाही.

पुढच्या फेरीत माझ्यासमोर एक नावाजलेला क्रिकेटपटू आहे. कुणालीला मी सांगितलं की फिल्म बदला. ती म्हणाली, ताई, तीच फिल्म शेवटपर्यंत चालते, मुंबईत होर्डिंगवर तुमचं वाक्य लागलंय. मी गाडी थांबवून पाहिलं. पुलाच्या कडेला माझा चेहरा, आणि त्याच्याखाली एवढाल्या अक्षरांत 'गावात गाडी नव्हती'.

तुझी,
नमी


वाशिंद, ११ मार्च

प्रिय वंदे,

मी दोन दिवस आईकडे आले आहे. काल महेंद्रभावजींचा फोन आला होता, अंतिम फेरीच्या कागदांवर मंडळाचा शिक्का लागणार होता म्हणून. मी विचारलं, वंदना पत्रं वाचते का? ते म्हणाले, "वाचते. वाचून डब्यात ठेवते." कोणत्या डब्यात ते विचारायची हिंमत झाली नाही. म्हणजे मी जिंकले उपांत्य फेरी, हे तुला कळलं असेलच. क्रिकेटपटूला संतांचे अभंग येत नव्हते.

आईनं त्या दिवशी काय विचारलं ते आता लिहिते. ती म्हणाली, "गावात गाडी नव्हती म्हनालीस. मंग आमच्या आंब्याखाली काय उभं होतं?"

तुला सांगायला नको. तुला ती जीप माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. हिरवी, मुरबाडच्या एका माणसाकडून जुनी घेतलेली. बाबा ती डोळखांब ते शहापूर सीटवर चालवणार होते. आदल्या दिवशीच आणली होती. दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याला गणपतीला न्यायची, तिथं पूजा करायची, आणि मगच तिच्यात माणूस बसवायचं, असं ठरलं होतं. आपल्याकडे सगळेच तसं करतात. नवी असो की जुनी, घरात आलेली गाडी आधी देवाला जाते. जुलै दोन हजार एक. आपण नववीत होतो.

तू धावत आलीस, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चावी मागितलीस. माझा चुलतभाऊ दीपेश चालवायला तयार होता, तू त्याला आधीच हाक मारून आली होतीस. आणि चावी घरात नव्हती. बाबा ती घेऊन शहापूरला गेले होते. पुढं सगळं गाव म्हणालं की दामू गोजरनं पूजेच्या पायी गाडी दिली नाही. बाबांनी कधी ते खोडून काढलं नाही.

म्हणजे मी टीव्हीवर दुसरंही खोटं बोलले. गाडी होती. तू आमच्या घरचं पाणी त्या दिवसापासून प्यायली नाहीस. नर्स झाल्यावर गावातल्या प्रत्येक घरात शिरून तू रक्तदाब मोजलास, पण बाबांच्या गोळ्या उंबऱ्यावर ठेवून जायचीस. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस. मला तेव्हा तुझा राग आला होता. आता येत नाही. बाबांच्या वतीनं मी तुझी माफी मागते. ते जुन्या वळणाचे होते, देवाधर्माचं त्यांना फार होतं. त्यांना माफ कर.

तुझी,
नमी

ता. क. आईला हे पत्र वाचून दाखवलं. ऐकता ऐकता ती उठली आणि गॅलरीत गेली. कपडे काढायचे होते म्हणे. दोरीवर एकही कपडा नव्हता.


गोरेगाव, २८ मार्च

वंदे,

मागचं पत्र डब्यात ठेवलं असशील तर काढ आणि फाडून टाक. त्यात बाबांच्या वतीनं माफी मागितली आहे. बाबांना माफी मागण्यासारखं काही नव्हतं.

परवा अंतिम फेरीचं चित्रीकरण झालं. समोर एक गायक होता, फार हुशार माणूस, त्याची संस्था अंध मुलांची. शेवटच्या प्रश्नाला आम्ही बरोबरीत होतो. पडद्यावर एक चित्र आलं आणि सूत्रसंचालकानं विचारायला सुरुवात केली, "या सापाचं…" आणि मी बझर दाबला. घोणस. अंगावरचे ते साखळीसारखे गोल. तुझ्या काकानं काठीनं मारून ओढ्याकाठी टाकली होती, ती आपण दोघींनी पाहिली होती. तो गायक अजून चित्राकडे बघत होता. मी जिंकले. वरून चमचमते कागद पडायला लागले आणि मी केसातून ते काढत उभी राहिले.

सूत्रसंचालकानं विचारलं, "इतक्या झटकन कसं ओळखलंत?" आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं, कॅमेरे चालू असताना, दोनशे लोकांसमोर. तिथं जे बोलले ते आता तुला लिहिते. खरं तर आधी तुला लिहायचं होतं, चोवीस वर्षांपूर्वी.

बाबा शहापूरला गेले नव्हते. ते वरच्या शेतावर एकटे बांध घालत होते. चावी घरात होती. देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला आजीनं ती लाल दोरा बांधून अडकवली होती. उद्या टिटवाळ्याला जाईपर्यंत हात लावायचा नाही, असं तिनं मला दोनदा बजावलं होतं. म्हणून मी लावला. सगळे शेतावर गेल्यावर चावी काढून जीपमध्ये जाऊन बसले होते, पुढच्या सीटवर, आणि टिटवाळ्याला जाताना कोणाला कसा हात दाखवायचा ते करून पाहत होते. मग पाऊस वाढला म्हणून घरात आले. चावी मुठीत होती. आणि तू दारात आलीस.

तू म्हणालीस, "नमे, चावी दे, आयला पान लागलंय, घोणस." मी म्हटलं, "चावी बाबानं नेली शहापूरला."

एवढंच. तू माझ्याशी वाद घातला नाहीस. तू एकदा माझ्या डोक्यावरून आत बघितलंस आणि वळून पळालीस. मी मूठ पाठीमागं धरली होती.

का, हे मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आले. लहान होते. घाबरले, आजी मारेल म्हणून. हात लावल्याचं कळेल म्हणून. हे सगळं होतं. पण आणखीही होतं. मला पुढच्या सीटवर बसून टिटवाळ्याला जायचं होतं, गुलाबी फ्रॉक घालून, आणि त्याच्या आधी कोणी गाडीत बसलेलं मला नको होतं. आणि अजून एक आहे, ते स्टेजवर मी बोलले नाही, तुला लिहिते. पूजेच्या आधी गाडीत पहिलं माणूस बौद्धवाड्यातलं बसलं तर आजी काय म्हणेल, हेही माझ्या मनात आलं होतं. तुझ्या आईच्या हातचा मोठा तुकडा खाऊन मोठी झालेल्या माझ्या मनात ते आलं. आजीनं मला ते कधी शिकवायला बसवलं नव्हतं. ते तसंच आलं.

दोन दिवसांनी बाबा तुमच्या घरून परत आले. शहापूरचे डॉक्टर म्हणाले होते, अर्धा तास आधी आणलं असतं तर. हे, आणि मी चावीबद्दल तुला काय सांगितलं होतं ते, त्यांना तिथंच कळलं. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. चावी तिथं होती, मी परत लावली होती. मग माझ्याकडे पाहिलं. "चावी हितंच होती ना गो?" मी मान हलवली. ते खाली बसले. मारलं नाही, ओरडले नाहीत. संध्याकाळी पारावर लोक विचारायला लागले तेव्हा त्यांनी सांगितलं, "चावी माझ्याकडं होती. पूजेआधी गाडी द्यायची नव्हती, म्हनून शहापूरला नेली." ते वरच्या शेतावर होते हे फक्त आईला माहीत होतं, आणि तिला त्यांनी गप्प केलं.

जीप टिटवाळ्याला कधीच गेली नाही. दसऱ्याच्या आत ती मुरबाडला परत विकली. तू गोळ्या उंबऱ्यावर ठेवून जायचीस तेव्हा आई चिडायची. बाबा म्हणायचे, "तिचं बरोबर हाय." पंधरा वर्षं ते असं म्हणत राहिले. ते गेले त्या दिवशीसुद्धा मी गावाला खरं सांगितलं नाही. रडणाऱ्या मुलीला कोणी काही विचारत नाही, याचा फायदा घेतला.

स्टेजवर मी बोलून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईचं खोकणं तेवढं ऐकू आलं. सूत्रसंचालकानं कानात लावलेल्या यंत्रावर काहीतरी ऐकलं आणि म्हणाला, छोटासा ब्रेक. कुणाली मला पडद्यामागं घेऊन गेली. ती वाईट मुलगी नाही. म्हणाली, "ताई, 'गावात गाडी नव्हती' हे आपल्या सबंध सीझनचं वाक्य आहे. हे गेलं तर प्रायोजक म्हणतील फसवणूक झाली. गाडी दुसऱ्या संस्थेला जाईल. तुम्हाला गाडी हवी आहे ना?"

मी काही बोलले नाही. ती होकार समजली. तेव्हाही मूठ पाठीमागंच धरली म्हण.

नम्रता


गोरेगाव, १५ एप्रिल

वंदे,

काल जयंती होती, तुझी धावपळ असेल. तरी परवाचा कार्यक्रम कोणीतरी लावलाच असेल आणि तू पाहिलं असशील.

कापलं. घोणस म्हणाले ते ठेवलं, चमचमते कागद ठेवले, आणि मी डोळे पुसते आहे ते ठेवलं. मधलं सगळं काढलं. इतकं सफाईनं काढलं की माझं मलाच वाटलं, मी बोललेच नव्हते की काय. परवा रात्रीपासून लोकांचे फोन येत आहेत. दूधवाला पाया पडायला वाकला. इतकं प्रेम मला उभ्या आयुष्यात कोणी दिलेलं नाही, आणि यातलं काहीच माझं नाही.

गाडी एक मेला गावात येणार. शाळेच्या पटांगणात मांडव, कॅमेरे, आणि मी रुग्णवाहिकेची चावी तुझ्या हातात द्यायची, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे. कुणालीनं कळवलं की चावी मोठी दिसावी म्हणून तिला लाल रेशमी दोरा लावणार आहेत. तिला काय माहीत. मी फोन ठेवला.

वंदे, मी ती चावी तुला देऊ शकत नाही. तुला खरं माहीत नसताना तर नाहीच, आणि माहीत असतानाही कशी देऊ ते मला कळत नाही. तू सांग. तू म्हणशील तर मी आजच माझ्या फोनवर सगळं बोलून लोकांसमोर टाकते. मग गाडी जाईल, बहुतेक जाईल. तू म्हणशील तर गप्प बसते आणि एक मेला आजारी पडते. मला तेवढं येतं. आता तूच ठरव.

नम्रता


मु. पो. डोळखांब, २४ एप्रिल

नम्रता,

सप्रेम जय भीम.

तुझी पाची पत्रं पोचली. पहिली तीन मी चुलीत घालायला घेतली होती, महेंद्रनं काढून घेतली. चौथं वाचलं त्या दिवशी मी ड्युटीवर गेले नाय. ताप आला असं सांगितलं. नोकरीत पहिल्यांदा खोटं सांगून रजा घेतली, ती तुझ्यापायी.

त्या दिवसाचं एक तुला ठाऊक नाय, ते सांगते. तुझ्या डोक्यावरून मी आत बघितलं ते खिळ्याकडे. आदल्या दिवशी तूच मला दाखवला होतास, चावी इथं ठेवलीय म्हणून. खिळा रिकामा दिसला, म्हणून मी तुझं खरं मानलं. नायतर मी दामूकाकाला शेतावर शोधायला पळाले असते. इतकी वर्षं मी स्वतःला तेच विचारते, नमीच्या एका शब्दावर मी का वळले. आता त्याचं उत्तर मिळालं, चावी तुझ्या मुठीत होती. तुझ्यावरचा राग त्याच्यानं कमी झालेला नाय. माझ्यावरचा थोडा झाला.

शनिवारी मी वाशिंदला गेले. काकूकडे पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला, मी प्याले. दामूकाकाच्या फोटोसमोर उभी रायले. काय बोलले ते त्याला सांगितलंय, तुला सांगायचं नाय. त्याच्या गोळ्या उंबऱ्यावर ठेवून जायची ते हात माझेच होते. ते कोणाकडून धुऊन घेऊ, ते पण तू लिहायला हवं होतंस.

तू मला ठरवायला सांगतेस. असं करू नको. त्या दिवशी तू ठरवलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस. आता निस्तरायची वेळ आली तर माझ्या गळ्यात घालतेस.

तरी दोन गोष्टी सांगते. गाडी परत जाणार नाय. लखमाच्या सुनेला नववा लागलाय. तिला तुझ्या खऱ्याखोट्याशी काय करायचंय? आणि टीव्हीला काय सांगायचं ते तुझं तू बघ. काकाला नावं ठेवली ती टीव्हीनं नाय. ती आमी ठेवली, या गावानं, सगळ्यात जास्त मी. म्हणून गावाला सांग. एक तारखेला कॅमेरेवाले जेवायला बसतील तेव्हा पारावर ये. माईक नको. त्याचं नाव घेऊन सांग, जसं मला लिहिलंस तसं, आजीबद्दलचं पण. बौद्धवाड्यातले सगळे येतील, मी बोलावलंय. खाली मान घालून सांगू नको. ऐकू यायला पायजे.

पूजा कोणाला करायची असेल त्यानं करावी. पण गाडी गावात शिरली की ती कामाची. नारळ फुटायच्या आधी बोलावणं आलं तर नारळ तिथंच ठेवून निघायचं. ड्रायव्हरला मी सांगून ठेवलंय. ड्रायव्हर दीपेश हाय. त्यानं स्वतः येऊन मागून घेतलं काम. तो त्या दिवशी आंब्याखाली उभा राहून वाट बघत होता, ते त्याच्या मनातून गेलेलं नाय.

चावी मी हातात घेणार नाय. तुझा रेशमी दोरा काढून टाक. मंडळाच्या ओट्यावर, दाराच्या बाहेरच्या अंगाला, महेंद्रनं कालच खिळा ठोकलाय. तो वर ठोकत होता, मी खाली घ्यायला लावला. चौदा वर्षांच्या पोरीचा हात पोचेल एवढा. चावी कायम तिथंच रायची, दिवसा नि रात्री, कोणीही येऊन काढायची. कोणाला विचारायचं नाय. पारावर सांगून झालं की सगळ्यांच्या समोर तू ती तिथं लाव.

मग थांबायचं असेल तर थांब. भाकरी मी टाकणार हाय.

फोनचं ब्लॉक काढलेलं नाय. काय असेल ते पत्रात लिही.

वंदना